म्युझिक व्हिडिओ, पोस्टर आणि रिफ्लेक्शन: कॉलेज प्रोजेक्ट कोणत्या क्रमाने करायचा

दरवर्षी सबमिशन जवळ आलं की एकच प्रकार बघायला मिळतो. व्हिडिओ तयार असतो, बऱ्याचदा चांगला पण असतो, पोस्टर कुठल्यातरी मित्राने रातोरात करून दिलेलं असतं, आणि रिफ्लेक्शन रिपोर्टमध्ये काय लिहायचं म्हणून ग्रुपवर मेसेज सुरू होतात. मग रिपोर्टमध्ये काय येतं, तर "आम्ही सकाळी लवकर उठून शेतात गेलो, खूप ऊन होतं, सगळ्यांनी सहकार्य केलं, खूप काही शिकायला मिळालं." ही झाली सहलीची हकीकत. मार्क तिथेच जातात, कारण व्हिडिओ तर तपासणाऱ्याला दिसतोच आहे, तुम्ही कुठला निर्णय का घेतला आणि तो जमला का हे त्याला वाचायचं असतं.

चूक लिहिण्यात कमी आणि क्रमात जास्त आहे. रिफ्लेक्शन लिहायचं शेवटी, पण त्याचा माल गोळा करायचा पहिल्या दिवसापासून. म्हणून खाली गाण्यापासून व्हायवापर्यंत सगळा क्रम दिलाय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे शेत, ऊन, अहिराणी, फ्लेक्सवाला सगळं आपल्याकडचंच आहे.

## १. आधी गाणं पक्कं करा, कागदासकट

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. यूट्यूबवर गाजलेलं अहिराणी गाणं घेऊन "गायकाला विचारलंय, तो हो म्हणाला" एवढ्याने काम होत नाही, कारण रेकॉर्डिंग बहुतेक वेळा चॅनलच्या किंवा कंपनीच्या मालकीचं असतं. डाउनलोड केलेला कराओके ट्रॅक पण कोणाचा तरी असतोच. आणि "कॉलेजच्या कामासाठी आहे" हे कारण वर्गात दाखवताना ठीक आहे, यूट्यूबवर टाकताना त्याचा भरवसा धरू नका.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गावातलाच लिहिणारा, गाणारा, ढोलकीवाला पकडा आणि नवीन गाणं करा. जुने शब्द हवे असतील तर बहिणाबाई चौधरींच्या कविता आहेत. त्या १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ ला, आपल्या कायद्यात लेखकाच्या मागे छापलेल्या लेखनावर छापल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो, तर ती मुदत केव्हाच संपली. पण लक्षात ठेवा, मोकळे झालेत ते फक्त शब्द. दुसऱ्या कोणी लावलेली चाल आणि दुसऱ्या कोणी केलेलं रेकॉर्डिंग अजून त्यांचंच असू शकतं, चाल स्वतःची लावा.

लिहून घ्या: गीतकार, संगीतकार, गायक, रेकॉर्डिंग करणारा, सगळ्यांकडून एका पानावर सही, गाणं कुठे कुठे वापरणार ते स्पष्ट लिहून. मित्र असला तरी सही घ्या, उद्या व्हिडिओ चालला तर मैत्री टिकायला तोच कागद कामाला येतो.

तपासा: फायनल मिक्स हातात आलाय का? "शूट करून घेऊ, गाणं नंतर थोडं फास्ट करू" असं कोणी म्हणालं तर शूट पुढे ढकला. टेम्पो जरा जरी बदलला तरी ओठ आणि शब्द जुळणार नाहीत आणि सगळे परफॉर्मन्स शॉट वाया जातील.

## २. एक ओळ लिहा

व्हिडिओ कशाबद्दल आहे हे एका ओळीत लिहा. "गावाकडचं प्रेम" ही ओळ नाही, तो विषय झाला. ओळ अशी पाहिजे: पुण्याला नोकरीला गेलेली मुलगी अखाजीला (अक्षय्य तृतीया, आपल्याकडे झोके बांधतात तो सण) घरी येते आणि झोक्यावर बसल्यावर तिला जाणवतं की आता आपण इथे पाहुणे आहोत. यात माणूस आहे, वेळ आहे, जागा आहे आणि काहीतरी बदलतंय. आता व्हिडिओ, पोस्टर, थंबनेल, रील सगळ्यांनी हीच ओळ सांगायची. रिपोर्टमध्ये हमखास येणारा प्रश्न असतो की तुमचा व्हिडिओ आणि प्रमोशनचं साहित्य एकमेकांशी कसं जुळतं, त्याचं उत्तर इथूनच सुरू होतं.

याच टप्प्यावर तुमच्या प्रकारातले तीन-चार व्हिडिओ आवाज बंद करून बघा. कट किती वेळाने येतो, गायक कॅमेऱ्याकडे बघतो का, गोष्ट आणि गाणारे वेगळे दाखवलेत का, पोस्टरवर कोणाचा चेहरा आहे, हे टिपून ठेवा. कुठली रीत पाळणार आणि कुठली मुद्दाम मोडणार ते आत्ताच लिहा. नंतर लिहिलेलं बनावट वाटतं आणि वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं.

## ३. निर्णयांची वही

या लेखातला एकच टप्पा पाळणार असाल तर हा पाळा.

साधी दोनशे पानी वही घ्या किंवा गुगल शीट करा, पण एकच ठेवा आणि एकाच माणसाकडे जबाबदारी द्या. चार रकाने: तारीख, काय ठरवलं, का ठरवलं (दुसरे कुठले पर्याय होते), आणि नंतर काय झालं. चौथा रकाना त्या दिवशी रिकामा राहील, तो पुढे भरायचा. त्याच रिकाम्या रकान्यातून तुमचा रिपोर्ट तयार होणार आहे.

सोबत पुरावे ठेवा. स्टोरीबोर्डचे (शॉट कसे दिसतील त्या कच्च्या चित्रांचे) फोटो, लोकेशनचे फोटो, एडिटच्या टाइमलाइनचे स्क्रीनशॉट, पोस्टरची प्रत्येक आवृत्ती. पोस्टर सुधारताना जुन्याच फाइलवर सेव्ह करू नका, पोस्टर-१, पोस्टर-२ असं वेगळं सेव्ह करा. फसलेली आवृत्ती डिलीट करायचा मोह होतो, पण रिपोर्टला तीच सगळ्यात जास्त लागते.

सावधान: ग्रुपवर झालेली चर्चा म्हणजे वही नाही. मेसेज सापडत नाहीत, अर्धे व्हॉइस नोट असतात, आणि "का" तर कोणी टाइपच करत नाही.

## ४. लोकेशन, पीक आणि परवानग्या

लोकेशन बघायला ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा. दुपारी बघितलेलं शेत सकाळी वेगळं दिसतं, सावली कुठे पडते ते कळत नाही.

शेत निवडताना पिकाचं कॅलेंडर डोक्यात ठेवा. कापूस वेचणीचा पांढरा वावर दिवाळीच्या पुढे-मागे मिळतो. काही शॉट राहिले म्हणून तुम्ही फेब्रुवारीत परत गेलात तर तिथे पऱ्हाट्या पण उपटून झालेल्या असतात आणि कंटिन्युइटी गेली, म्हणजे जुने आणि नवे शॉट एकाच दिवसाचे वाटत नाहीत. शेताचे सगळे शॉट एकाच फेरीत संपवा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शूट करत असाल तर केळीचा चीक कपड्यांना लागू देऊ नका, त्याचे काळपट डाग निघत नाहीत, आणि भाड्याचा ड्रेस असला तर डिपॉझिट गेलंच म्हणून समजा. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, स्टँड रोवू नका.

अखाजी येते एप्रिल-मेमध्ये, तुमचं सबमिशन त्याच्या आधीच असतं, म्हणजे झोका तुम्हालाच बांधावा लागणार. निंबाची फांदी घरातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि दोर नवीन घ्या. उन्हाळ्यातच शूट असेल तर जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, फोन गरम होऊन कॅमेरा ॲप बंद पडतं. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढीच वेळ धरा. मधल्या वेळेत घरातले शॉट घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात:

- गावात: कॉलेजच्या लेटरहेडवर सरपंच आणि शेतमालकाच्या नावाने पत्र. पत्र देताना स्वतः जा, चहा घ्या, काय करणार ते सांगा. आप्पा-नाना एकदा हो म्हणाले की गर्दी पण तेच आवरतात.
- पाटणादेवी परिसर: हा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, वनखात्याला विचारल्याशिवाय शूटचं सामान नेऊ नका. पितळखोऱ्यासारख्या लेण्यांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.
- रेल्वे: रुळावर उतरून शॉट घ्यायचाच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच.
- ड्रोन: लग्नाचा ड्रोनवाला आणणार असाल तरी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा आधी बघा. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, त्या बाजूला ड्रोन काढूच नका.

आणखी एक, मनापासून सांगतो. तोरणमाळकडे किंवा सातपुड्यात जाऊन आदिवासी पोशाख भाड्याने आणून नाचायचं हे करू नका. त्या लोकांचे सण, दागिने, वाद्यं त्यांची आहेत. व्हिडिओत हवे असतील तर तिथल्याच मुलांना सोबत घ्या, त्यांना विचारा, त्यांचं नाव टायटलमध्ये टाका. लहान मुलं दिसणार असतील तर आई-वडिलांची लेखी संमती घ्या.

## ५. शॉटलिस्ट सेकंदांमध्ये करा

गाणं ऐकत कागदावर लिहा: शून्य ते बारा सेकंद म्युझिक, बारा ते चोवीस मुखडा, असं शेवटपर्यंत. मग प्रत्येक तुकड्यासमोर काय दिसणार ते. साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे २१० सेकंद, सरासरी अडीच सेकंदाला एक कट धरला तरी ८० च्या वर शॉट लागतात. पोरं वीस-पंचवीस शॉट घेऊन परत येतात आणि मग एडिटला तेच तेच फिरवत बसतात.

यादीत तीन गट करा. पहिला परफॉर्मन्स: गायकाने पूर्ण गाणं लांबून, मध्यम आणि जवळून, तिन्ही वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणायचं. दुसरा गोष्ट. तिसरा बारीकसारीक: हात, पाय, दोराची गाठ, चुलीवरचं खापर, एसटीची खिडकी. तिसरा गट लोक विसरतात आणि एडिटला वाचवतो तोच. दोन शॉट जुळत नसले की मध्ये हाताचा शॉट टाकून पुढे जाता येतं.

## ६. फोनची सेटिंग्ज

सगळ्यांनी एकच फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं घेतली जातात तो आकडा) ठेवायचा. एकाने ३० वर, दुसऱ्याने ६० वर, तिसऱ्याने २४ वर घेतलं की एडिटला हालचाल अडखळते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक चित्राला किती वेळ उजेड मिळतो ते) १/५० सेकंद सगळ्यात बरं. फोनमध्ये २५ नसेल तर सगळा प्रोजेक्ट ३० वर करा, पण ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात हे सगळं हाताने लावता येतं. आधी तुमच्या फोनवर चालतं का बघा.

एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा. ऑटोवर ठेवलं की पोरगी सावलीतून उन्हात आली रे आली, चेहऱ्याचा रंग मध्येच बदलतो.

तपासा: शूटच्या आदल्या दिवशी प्रत्येक फोनवर दहा सेकंद घेऊन ते कॉम्प्युटरवर टाका आणि एडिट सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. जागा किती शिल्लक आहे, फाइल उघडते का, आडवा व्हिडिओ आडवाच येतो का.

## ७. शूटचा दिवस

गाणं लावायला ब्लूटूथ स्पीकर न्या, पण तो गाणाऱ्याच्या जवळ ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गायक तीस मीटर लांब असला तर त्याला गाणं दोनेक फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि ओठ मागे पडतात. फोनचा माइक चालू ठेवा, तो आवाज शेवटी वापरायचा नसला तरी एडिटला गाण्याशी जुळवायला लागतो. लांबून घेतलेला शॉट मात्र आवाजावर जुळवू नका, ओठांकडे बघून जुळवा.

गायकाला खरंच मोठ्याने गायला सांगा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत, श्वास दिसत नाही आणि खोटेपणा लगेच कळतो. लाजत असेल तर स्पीकर मोठा करा आणि बघे लोक थोडे लांब करा.

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर ५० फ्रेमवर शूट करा आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावा, गायकाने त्या वेगात म्हणायचं. २५ च्या टाइमलाइनवर तो शॉट अर्ध्या वेगाने चालवला की माणूस हळू हलतो आणि शब्द मात्र बरोबर जुळतात. दुप्पट वेगाची फाइल आदल्या दिवशीच करून ठेवा.

ऊन पाठीमागून असलं की चेहरा काळा पडतो, त्यासाठी थर्माकोलची पांढरी शीट पुरते.

आणि हे हमखास राहतं: पोस्टरचे फोटो त्याच दिवशी, त्याच कपड्यात, वेगळे काढा. व्हिडिओतून फ्रेम काढून पोस्टर करू म्हणतात, पण १०८०च्या व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे दोनच मेगापिक्सेल. ए-३ पोस्टर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला १७ मेगापिक्सेलच्या वर लागतं. फ्रेम ताणली की चेहरा पसरतो. शूटमध्ये अर्धा तास फक्त फोटोंसाठी ठेवा, उभे आणि आडवे दोन्ही, आणि बाजूला नावासाठी मोकळी जागा सोडून. रीलसाठी पण मुखडा एकदा फोन उभा धरून वेगळा घ्या, आडव्यातून कापून केलेल्या रीलमध्ये झोक्याचं एक टोक नेहमी बाहेर जातं.

संध्याकाळी घरी जायच्या आधी: सगळं फुटेज दोन ठिकाणी कॉपी, मग वही. आज काय ठरलेलं बदललं आणि का, गाडीत बसल्या बसल्या लिहा. व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी उतरते.

## ८. एडिट

दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, पण त्याला बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो. फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर चालेल, फक्त फुकट आवृत्तीचा वॉटरमार्क राहतो का ते आधी बघा. क्रम असा ठेवा: गाणं टाइमलाइनवर टाकून लॉक करा, पूर्ण परफॉर्मन्स जुळवा, त्यावर गोष्ट टाका, मग बारीक शॉट. रंगाचं काम कट पक्के झाल्यावर. ट्रान्झिशनच्या नादी लागू नका, प्रत्येक ठोक्यावर कट मारला तर दुसऱ्या कडव्यापर्यंत बघणारा थकतो.

अहिराणी गाण्याला खाली मराठी सबटायटल द्या. तपासणारा कोल्हापूरचा किंवा मुंबईचा असू शकतो.

## ९. पोस्टर, कव्हर, थंबनेल

चौघांचं माप वेगळं: थंबनेल १२८० बाय ७२०, रीलचं कव्हर १०८० बाय १९२०, गाण्याच्या ॲपवरचं चौकोनी कव्हर ३००० बाय ३०००, छापील पोस्टर ए-३. एकच चित्र ताणून चारही ठिकाणी बसवायचं नाही. फॉन्ट, रंग, कपडे आणि ती एक ओळ सारखी ठेवा, मांडणी प्रत्येकाची वेगळी करा. थंबनेल फोनवर नखाएवढं करून बघा, नाव वाचता आलं नाही तर अक्षरं कमी करा.

देवनागरीचा घोळ इथे सगळ्यात जास्त होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, डीटीपीवाल्याकडे जुने फॉन्ट असतात, फाइल तिकडे उघडली की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी उडून दुसऱ्याच अक्षरावर बसते. जुन्या फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) चालू केला नाही तरी हेच होतं. उपाय सोपा आहे: प्रिंटला देताना अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून, मग फॉन्ट लागत नाही) द्या, सोबत एक जेपीजी द्या, आणि छापायच्या आधी दुकानात उभं राहून त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक शब्द वाचा. अहिराणी शब्द तर तो "दुरुस्त" करून शुद्ध मराठी करून टाकतो, तेवढं बघा.

रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) बदलून बघा, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येतो. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा.

आता एक गोष्ट जवळून सांगतो. अखाजीच्या ओळीवर एका ग्रुपने पोस्टर केलं होतं: काळं बॅकग्राउंड, मधोमध रिकामा झोका, दोराला झेंडूची माळ, खाली पांढऱ्या अक्षरात मुलीचं नाव. दिसायला सुंदर होतं. चहाच्या टपरीवर एका काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "कोन मरी गयं रे भो?" त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या चौकाचौकात काळ्या फ्लेक्सवर फुलं आणि नाव म्हणजे श्रद्धांजलीच असते. ग्रुपने माळ काढली, सकाळचा पिवळा उजेड घेतला, आणि झोक्याखाली धुळीत मुलीचे शहरी बूट आणि ट्रॉली बॅग ठेवली. आता बघणारे म्हणायला लागले, "पोरगी घरी आली का?" पहिलं पोस्टर त्यांनी जपून ठेवलं होतं, रिपोर्टमध्ये दोन्ही शेजारी लावले.

## १०. अनोळखी माणसाला दाखवा

ग्रुपच्या बाहेरच्या आठ-दहा जणांना दाखवा, फायनल करायच्या आधी. फायनल झाल्यावर घेतलेला फीडबॅक फक्त कौतुक गोळा करतो. वय वेगळं ठेवा: कॉलेजची दोघं-तिघं, एखादी मावशी, अहिराणी न येणारा एक तरी.

आधी फक्त पोस्टर दाखवा आणि विचारा, हे कशाबद्दल असेल? मग व्हिडिओ. मग हे प्रश्न: मुलगी कोण आहे, कुठून आली? शेवटी तिला काय वाटतंय? कुठे फोनकडे बघावंसं वाटलं? "कसा वाटला?" विचारू नका, सगळे "भारी" म्हणतात आणि लिहायला काही उरत नाही. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

यूट्यूबवर आधी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाका. हक्कांची तपासणी तिथेच होते, क्लेम (हे गाणं आमचं आहे असा मालकाचा दावा) आला तर कळतो. क्लेम आणि स्ट्राइक एक नाही: ऑटोमॅटिक क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो, कॉपीराइट स्ट्राइक मात्र ९० दिवसांत तीन आले तर चॅनल जाऊ शकतं. पब्लिक केल्यावर रिटेन्शनचा (लोक कुठपर्यंत बघतात त्याचा) आलेख बघा, कुठे लोक सुटतात ते कळतं. पण चाळीस व्ह्यूज आणि त्यात निम्मे घरचे असतील तर त्यावरून "प्रेक्षकांना आवडलं" असा निष्कर्ष काढू नका, आकडा लहान आहे हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. त्याने मार्क कमी होत नाहीत.

## ११. आता रिफ्लेक्शन लिहा

वही उघडा आणि चौथा रकाना भरा. मग त्यातले पाच-सहाच निर्णय निवडा ज्यांनी व्हिडिओ खरंच बदलला. सगळं सांगायला गेलात की परत सहलीची हकीकत होते.

प्रत्येक निर्णयाला एक परिच्छेद, क्रम हाच: काय करायचं ठरवलं होतं, का, प्रत्यक्षात काय दिसलं (पुरावा), मग काय बदललं, बदलल्यावर काय झालं, आणि अजून काय कच्चं आहे. बघा फरक.

कच्चा परिच्छेद: "आम्ही पोस्टरमध्ये पिवळा रंग वापरला कारण पिवळा रंग आनंदाचे प्रतीक आहे. पोस्टर सर्वांना खूप आवडले."

पक्का परिच्छेद: "पहिल्या पोस्टरमध्ये एकटेपणा दाखवायला काळं बॅकग्राउंड आणि रिकामा झोका घेतला. दाखवलेल्यांपैकी काहींना ती श्रद्धांजली वाटली, कारण आपल्या भागात काळ्या फ्लेक्सवर फुलं आणि नाव असंच लागतं. व्हिडिओ घरी येण्याबद्दल आहे, जाण्याबद्दल नाही, म्हणून माळ काढली आणि बॅग ठेवली. दुसरं पोस्टर बघून मुलगी घरी आली आहे हे बहुतेकांनी ओळखलं, पण ती आता पाहुणी झाली आहे हे पोस्टरवरून कळत नाही, ते फक्त व्हिडिओच्या शेवटी कळतं."

दुसऱ्यात शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जे जमलं नाही ते नेमकं लिहा. पोरांना वाटतं उणीव लिहिली की मार्क कापतील, म्हणून सगळं छान झालं म्हणतात. तपासणाऱ्याने व्हिडिओ बघितलेला असतो, लिप-सिंक कुठे सुटलाय ते त्याला दिसलेलं असतं. तुम्हाला पण दिसलंय आणि कारण माहीत आहे हे कळलं की तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

हे टाळा: "वेळ कमी पडला" एवढंच लिहिणं (कुठला निर्णय वेळेमुळे चुकला ते लिहा), ग्रुपमधल्या कोणाला नाव घेऊन दोष देणं, सॉफ्टवेअरची माहिती इंटरनेटवरून उतरवणं, आणि रंगांचे ठोकळेबाज अर्थ. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शांती हे सगळ्यांचं सारखंच असतं, तुमच्या फ्रेममध्ये तो रंग काय करतो ते सांगा.

भाषा साधी ठेवा. वहीत जसं लिहिलं होतं त्याच्या जवळपास.

तपासा: प्रत्येक परिच्छेदात "का" आहे का? प्रत्येकाला एक तरी स्क्रीनशॉट, फोटो किंवा प्रेक्षकाचं वाक्य जोडलंय का? तुमच्या ग्रुपचं नाव काढून दुसऱ्याचं टाकलं तरी परिच्छेद चालत असेल तर तो पुन्हा लिहा.

## १२. सबमिशन आणि व्हायवा

पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जात नाही, फॉरमॅट बदलून एक्सफॅट करून घ्या, पण आधी आतला डेटा काढा. दोन फाइल द्या, एक मोठी आणि एक १०८०ची हलकी, कॉलेजचा कॉम्प्युटर जुना असतो. कॉलेजच्याच प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी एकदा लावून बघा, आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो का, सबटायटल खाली कापले जातात का.

टायटलमध्ये गीतकार, गायक, शेतमालक, चहा-पाणी बघणाऱ्या काकू, सगळ्यांची नावं त्यांना विचारून आणि स्पेलिंग तपासून.

व्हायवाला सगळ्यांनी सगळं पाठ करून जाऊ नका. प्रत्येकाने आपला एक निर्णय घ्यायचा, वहीतलं ते पान खुणेला कागद लावून ठेवायचं, आणि विचारलं की पान उघडून दाखवायचं. वही सोबत न्या, झेरॉक्स नको, मूळ वही.